काम थांबवल्यावर जगायला किती पैसे पुरेसे?

दुसऱ्यांनी सांगितलेला आकडा आधी डोक्यातून काढ. तीन महिने वहीत खर्च लिही: किराणा, भाडं, आईची औषधं, गावच्या जत्रेची वर्गणीसुद्धा. महिन्याला 30,000 निघाले तर वर्षाचे 3,60,000. त्याच्या 25 ते 30 पट पुंजी साठवायची, म्हणजे 90 लाख ते 1 कोटी 8 लाख. घाबरू नकोस, घर स्वतःचं झालं की भाडं वजा होतं. मात्र महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट, म्हणून दरवर्षी हिशेब नव्याने मांड.

2019 च्या पुरात सांगलीतल्या आमच्या दुकानात पाणी शिरलं. तेव्हा तारलं ते बाजूला ठेवलेल्या सहा महिन्यांच्या खर्चाने. ती रक्कम सगळ्यात आधी उभी कर. आणि सगळं एकाच बँकेत नको. एका बँकेतल्या तुझ्या ठेवींना विमा व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे.