हरलेल्या हेवीवेट बॉक्सरला रिमॅचमध्ये नवीन ट्रेनरचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की २०२१ ला युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिककडून हरल्यावर ब्रिटिश हेवीवेट अँथनी जोशुआने जुना ट्रेनर सोडला, रॉबर्ट गार्सियाला आणलं, तरी २०२२ ला परत हरलाच, मग रिमॅचसाठी ट्रेनर बदलण्यात काही अर्थ असतो का. आणि शेवटी विचारलंय की अमेरिकन हेवीवेट डिऑन्टे वाइल्डरने आपला ट्रेनर मार्क ब्रेलँडला काढलं ते बरोबर होतं का. दोन्हीवर सांगतो, थोडं लांबेल.

मी नाशिकला सिडकोत संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, आणि कुठलं पोरगं जिल्ह्याच्या स्पर्धेत हरलं की दोन दिवसांत त्याचे वडील हाच प्रश्न घेऊन येतात, सर बदलू का म्हणून, कधी माझ्याकडून दुसरीकडे न्यायला तर कधी दुसरीकडून माझ्याकडे आणायला. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, पोरगा हरला कशामुळे? कारण नवीन ट्रेनर उपयोगी पडतो, नक्की पडतो, पण हरण्याचं कारण ट्रेनरच्या हातातलं असेल तरच. समोरचा तुमच्यापेक्षा सरळ सरळ चांगला असेल तर ट्रेनर फक्त अंतर कमी करतो.

जोशुआचं नेमकं हेच झालं, म्हणून "तरी हरलाच" हे मला पटत नाही. पहिली फाइट बघा, सप्टेंबर २०२१, लंडनचं टॉटनहॅम स्टेडियम. उसिक डावखुरा, पाय सतत चालू, आणि त्याच्यापेक्षा उंच आणि वजनदार असलेला जोशुआ लांबूनच त्याच्याशी बॉक्सिंग करत बसला, जे उसिकचंच दुकान आहे. तिन्ही जजनी गुणांवर उसिकला दिली, ११७-११२, ११६-११२, ११५-११३. रिमॅच ऑगस्ट २०२२ ला जेद्दाहला, आपल्याकडे रविवारची पहाट होती. त्यात जोशुआ पोटावर, बरगड्यांवर मारताना दिसतो, उजवा हात सरळ मधून टाकतो, आणि नवव्या राउंडला उसिक खरंच अडचणीत आला होता. निकाल स्प्लिट, दोन जज उसिककडे ११५-११३ आणि ११६-११२, एक जोशुआकडे ११५-११३. (मला स्वतःला उसिकच जिंकलेला वाटला आणि आरामात वाटला, पण फरक पडला हे नाकारता येत नाही.) मग दहाव्या राउंडला काय झालं? नवव्यात एवढा मार खाल्लेला माणूस बाहेर आला आणि जोशुआला मागे रेटत नेलं, हात थांबवलेच नाहीत. आता सांगा यात गार्सिया काय करणार होता? दोघंही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे गोल्डवाले, पण उसिक एक वेगळीच जात आहे. ब्रिटिश हेवीवेट डॅनियल डुबुआने २०२३ ला उसिककडून हरल्यावर ट्रेनर बदलला नाही, डॉन चार्ल्सलाच ठेवलं, आणि २०२५ च्या रिमॅचला आधी नवव्या राउंडला पडला होता तो आता पाचव्यातच पडला. म्हणजे ट्रेनर ठेवा नाहीतर बदला, उसिकपुढे दोन्ही अपुरं पडलं.

आता उलट बाजू, जिथे बदल कामाला आला. माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण होलीफिल्ड आणि रिडिक बो. नोव्हेंबर १९९२ ला होलीफिल्ड हरला, आणि हरला तो स्वतःच्या स्वभावामुळे, बो अंगाने केवढा तरी मोठा आणि हा त्याच्या अंगावर जाऊन मारामारीच करत राहिला. दहावा राउंड शोधून बघाच, अंगावर काटा येतो, पण तशी फाइट मोठ्या माणसाशी जिंकता येत नाही. पुढच्या वर्षी रिमॅचला त्याने इमॅन्युएल स्टुअर्डला आणलं, डेट्रॉइटच्या क्रॉंक जिमचा, टॉमी हर्न्सला घडवणारा. बदल काय केला तर मारायचं आणि निघायचं, तीन-चार ठोसे एका दमात टाकून बाजूला व्हायचं, रिडिकला आपल्या पायामागे फिरवायचं. नोव्हेंबर १९९३ ला मेजॉरिटी डिसिजनने, म्हणजे दोन जज त्याच्याकडे आणि तिसऱ्याची बरोबरी, बेल्ट परत मिळवला. (ही तीच फाइट ज्यात सातव्या राउंडला पॅराग्लायडिंग करत एक माणूस रिंगवर येऊन आदळला आणि फाइट वीसेक मिनिटं थांबली.) हो, बो त्या दिवशी आधीपेक्षा पाच किलो जड होता, तेही धरायला हवं. पण होलीफिल्ड ज्या कारणाने हरला ते कारण एका कॅम्पमध्ये, म्हणजे फाइटआधीच्या तयारीत, दुरुस्त होण्यासारखं होतं. त्याला नवीन काही शिकायचं नव्हतं, हे सगळं त्याला येतच होतं, फक्त कोणीतरी बाहेरून येऊन तू भांडत बसू नकोस असं त्याला ऐकू जाईल अशा पद्धतीने सांगायला हवं होतं.

ब्रिटिश हेवीवेट टायसन फ्युरीचं पण तसंच. तो वाइल्डरशी २०१८ ला हरला नव्हता, ड्रॉ होती, तरी बेन डेव्हिसनला सोडून शुगरहिल स्टुअर्डकडे गेला, म्हणजे त्या इमॅन्युएलच्याच पुतण्याकडे, आणि पळापळ सोडून पुढे जात मारायचं ठरवलं. वजन आधीच्या ११६ वरून जवळपास १२४ किलो केलं आणि फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या फाइटला सातव्या राउंडला वाइल्डरचं काम संपवलं. सगळ्यांना वाटलं दोन महिन्यांत जादू केली, पण तो कितीतरी वर्षं आधी क्रॉंकला जाऊन आला होता, ही भाषा त्याच्या कानावर आधीच पडलेली होती.

कॅम्प साधारण आठ-दहा आठवड्यांचा असतो आणि समोर दहा-बारा वर्षांच्या सवयी असलेला माणूस. गार्ड खाली येतो, पाय क्रॉस होतात, थकला की हनुवटी वर जाते, हे आठ आठवड्यांत बॅग आणि पॅडवर सुटल्यासारखं दिसतं आणि सहाव्या राउंडला एक चांगला बसला की माणूस जुन्या सवयीवर येतो. म्हणून शहाणा ट्रेनर रिमॅचसाठी एखाद-दोन गोष्टीच धरतो. डावखुऱ्याशी असेल तर पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेव आणि उजवा सरळ मधून, बस, आठ आठवडे हेच. आणि त्यासाठी तसाच स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावात लढायला माणूस आणायचा, ट्रेनरचं निम्मं काम मला तर हेच वाटतं. आमच्याकडे नाशिकला जड वजनाचा, त्यात उंच, त्यात डावखुरा पोरगा हवा असेल तर सातपूर, नाशिकरोड सगळीकडे फोन फिरवावे लागतात, देवळालीच्या फौजी ओळखीतून कोणी मिळतो का बघावं लागतं, नाहीतर पुणं गाठावं लागतं. मोठ्या बॉक्सरकडे पैसा असतो, पण पैसे देऊनही उसिकसारखा स्पारिंग पार्टनर आणणार कुठून?

दुसरं म्हणजे पहिल्याच फाइटवरून ट्रेनरचा निकाल लावू नये. व्लादिमिर क्लिच्को २००३ ला कोरी सँडर्सकडून दोन राउंडमध्ये उडाला, मग स्टुअर्डला आणलं, आणि स्टुअर्ड कोपऱ्यात असतानाच एप्रिल २००४ ला लॅमन ब्रूस्टरकडून परत पडला. आपल्याकडचा कोणी असता तर त्याच रात्री ट्रेनरला घरी पाठवला असता! क्लिच्कोने ठेवला. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), अंतर, जवळ आला की धरायचं, वर्षानुवर्षं तेच घोटलं. २००७ ला ब्रूस्टरशी रिमॅच झाली तेव्हा ब्रूस्टर सहा राउंडनंतर बाहेर आलाच नाही, आणि क्लिच्को २००६ ते २०१५ चॅम्पियन राहिला. मी वडिलांना हीच गोष्ट सांगतो. तालमीतही वस्ताद असा हंगामाहंगामाला बदलत नाहीत. जोशुआने गार्सियानंतर डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन असं केलं आणि २०२४ ला वेम्बलीवर डुबुआने पाचव्या राउंडला झोपवला, इथे मला वाटतं बदल जरा जास्तच झाले.

आणि कधी कधी काहीच बदलायची गरज नसते. जो लुईस १९३६ ला श्मेलिंगकडून बाराव्या राउंडला नॉकआउट झाला, कारण जॅब मारून झाला की त्याचा डावा हात खाली राहायचा आणि श्मेलिंगने ते हेरलं होतं. ट्रेनर जॅक ब्लॅकबर्न तोच राहिला, चूक दुरुस्त केली, आणि १९३८ ला श्मेलिंग पहिल्याच राउंडमध्ये आडवा. याउलट टायसनने १९९७ ला होलीफिल्डशी रिमॅचसाठी रिची जियाकेटीला आणलं आणि तिसऱ्या राउंडला कान चावून डिसक्वालिफाय झाला. डोकंच जाग्यावर नसेल तर कोपऱ्यातला माणूस एका मिनिटाच्या ब्रेकमध्ये काय समजावणार.

आता ब्रेलँड. तो स्वतः १९८४ चा ऑलिंपिक गोल्ड, पुढे वेल्टरवेट चॅम्पियन. फ्युरीशी दुसऱ्या फाइटला वाइल्डर मार खात होता, पाय लटपटत होते, सातव्या राउंडला ब्रेलँडने टॉवेल टाकला, म्हणजे फाइट थांबवायला लावली, आणि वाइल्डरने त्याला काढलं, वर त्याच्यावर नको नको ते आरोप केले. मला याचा आजही राग येतो. ज्याच्या डोक्याला मार बसतोय तो कधीच थांबा म्हणत नाही, म्हणूनच तर कोपऱ्यात माणूस लागतो. ऑक्टोबर २०२१ च्या तिसऱ्या फाइटला मलिक स्कॉट ट्रेनर होता आणि त्याचं काम दिसलंही, वाइल्डर सुरुवातीला पोटावर जॅब टाकत होता जे आधी फारसं करायचा नाही, चौथ्या राउंडला फ्युरीला दोनदा खाली पाडलं. पण दम पुरला नाही आणि अकराव्याला संपला. म्हणजे नवीन ट्रेनरने वाइल्डर सुधारला हे खरंच आहे, स्कॉटला आणणं बरोबर होतं. पण त्यासाठी ब्रेलँडला काढायची काहीच गरज नव्हती, जॅब स्कॉटने शिकवला असता आणि टॉवेल ब्रेलँडकडेच राहू द्यायचा होता.