चौथा फाल म्हणजे चतुर्थी नव्हे

प्रश्न : जर्मन व्याकरणात डेक्लिनात्सिओन, बॉयगुंग, काझुस, फाल हे शब्द येतात. त्यांना इंग्रजीत काय म्हणतात? 'चौथा फाल' मी चतुर्थी धरला, तर उत्तर चुकले. असे का?

उत्तर : डेक्लिनात्सिओन म्हणजे डिक्लेन्शन, नाम, सर्वनाम, विशेषण, आर्टिकल चालवणे. क्रियापद चालवण्याला कोन्युगात्सिओन, म्हणजे कॉन्जुगेशन म्हणतात. बॉयगुंगचा मूळ अर्थ वाकवणे. त्यात हे दोन्ही येतात, म्हणून इंग्रजीत इन्फ्लेक्शन. काझुस आणि फाल म्हणजे केस, आपली विभक्ती. (फालचा अर्थ 'पडणे' असाही आहे. केस हा शब्दही पडणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच आला.)

तुमची चूक क्रमात आहे. आपला क्रम संस्कृतचा, जर्मनांचा लॅटिनवरून आलेला. त्यांचा पहिला फाल नोमिनाटीफ, म्हणजे प्रथमा. दुसरा गेनिटीफ म्हणजे आपली षष्ठी, तिसरा डाटीफ म्हणजे चतुर्थी आणि चौथा आकुझाटीफ म्हणजे द्वितीया. इंग्रजीत अनुक्रमे नॉमिनेटिव्ह, जेनिटिव्ह, डेटिव्ह, अक्यूझेटिव्ह. म्हणून आकड्यांवर जाऊ नका. प्रश्नावरून पडलेली जर्मन नावे जास्त कामाची आहेत : वेअरफाल (कोण?), वेसफाल (कोणाचा?), वेमफाल (कोणाला दिले?), वेनफाल (कोणाला पाहिले?).

शेवटच्या दोन प्रश्नांत 'कोणाला'च आले, आणि खरी अडचण तीच आहे. मराठीत द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच : स, ला, ते. इंग्रजीतही 'हूम' एकच. जर्मनमध्ये मात्र वेम आणि वेन वेगळे. 'माणूस' असा चालतो : डेअर मान, डेस मानेस, डेम मान, डेन मान. आता 'मी त्या माणसाला मदत करतो' हे इश हेल्फं डेम मान, पण 'मी त्या माणसाला विचारतो' हे इश फ्रागं डेन मान. 'ला' पाहून यांतला फरक कळणारच नाही. तो क्रियापदाबरोबरच पाठ करावा लागतो. शब्दकोशात हेल्फेनजवळ (मदत करणे) येमांडेम आणि फ्रागेनजवळ (विचारणे) येमांडेन यांचे संक्षेप दिलेले असतात; दोन्हींचा अर्थ 'कोणाला तरी'. शेवटचे अक्षर म् असेल तर डाटीफ, न् असेल तर आकुझाटीफ. वहीत क्रियापद एकटे कधीच उतरवू नका. 'येमांडेम हेल्फेन' असेच लिहा.

प्रश्न : विशेषणांच्या स्ट्राँग, वीक, मिक्स्ड डिक्लेन्शनमध्ये स्ट्राँग काय असते?

उत्तर : विभक्तीची खूण कोण वाहते, एवढेच. 'थंड पाण्याने' म्हणजे मिट काल्टेम वासर. आर्टिकल नाही, म्हणून 'एम' विशेषणाने घेतला. हे श्टार्क, म्हणजे स्ट्राँग. 'त्या थंड पाण्याने' म्हणजे मिट डेम काल्टेन वासर. इथे खूण डेमकडे गेली, विशेषणाला साधे 'एन' उरले; हे श्वाख, म्हणजे वीक. आइन (एक), काइन (एकही नाही), माइन (माझा) यांच्यानंतर गेमिश्ट, म्हणजे मिक्स्ड : आइन काल्टर टाग ('एक थंड दिवस') मध्ये आइनवर खूण नाही, म्हणून 'र' विशेषणाला लागला. शिकणारे बहुधा 'मिट डेम काल्टेम' असे दोनदा 'एम' लावतात. डेम दिसला की विशेषणाला 'एन' लावायचा.