कुलुपात चिखल भरणारी माशी कोणती? तुरीच्या फुलोऱ्यातल्या काही प्रश्नांना उत्तरं

तूर फुलायला लागली की आमच्याकडे अळीचे फोटो येतात. यंदा अळीच्या बरोबरीनं माशीचेही आले. आमची छापील पत्रकं कन्नडमध्ये असतात, पण प्रश्न मराठीतून आलेत म्हणून उत्तरही मराठीतूनच देतो. चार प्रश्न असे होते.

खानापूर तालुक्यातून: "साहेब, मोटारीच्या खोलीचं कुलूप उघडंना. किल्लीच्या भोकात माशीनं माती भरलीय, वाळून सिमेंटगत झालीय. कुंभारीणच असणार. रॉकेल ओतलं तर चालतंय का?"

चिकोडीकडून: "शेडच्या वेळूच्या टोकांत आणि ठिबकच्या जुन्या नळ्यांत मातीची बुचं दिसाय लागलीत. माशी तांबूस आहे, केसाळ. पोराच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपनं ओस्मिया बायकॉर्निस असं नाव सांगितलं. ही मध देती काय? पेटीत पाळता येईल काय?"

अथणीकडून: "तुरीच्या फुलावर मोठी माशी दणकन बसती, फूल उघडून टाकती. फूल खराब होतंय. औषध मारू काय?"

आणि बेळगावच्या एका ताईंचा: "गुलाबाची पानं कुणीतरी कात्रीनं गोल कापून नेल्यासारखी दिसतात. कुठली अळी?"

रॉकेलचा डबा आधी बाजूला ठेवा. माती भरणारा प्रत्येक किडा कुंभारीण नसतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. क्वार्टरच्या खिडकीच्या चौकटीतली सात-आठ बुचं स्क्रू ड्रायव्हरनं उकरून काढली. आत कोळी निघतील असं धरून चाललो होतो. निघाला तो ओलसर, पिवळाधमक परागाचा गोळा, हळदीच्या हलव्यासारखा, आणि त्यावर पांढरं अंडं. तेव्हापासून आधी बघतो, मग हात लावतो.

आपण कुंभारीण म्हणतो, कन्नड शेजारी कुंबार हुळ म्हणतात, त्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या गांधीलमाश्या येतात. एक काळी, सुतासारख्या बारीक लांब कमरेची, पायांवर पिवळे पट्टे असलेली. ती भिंतीवर, फोटोच्या मागं, दिव्याच्या वायरीवर चिखलाचे ढेकळासारखे गोळे थापते आणि आत अर्धमेले कोळी भरते. दुसरी सुबक गोल मडकं करते, त्याला बारीक गळासुद्धा काढते, आणि आत अळ्या कोंबते. या दोघींची घरं उघड्यावर दिसतात, म्हणून ओळख सोपी.

घोटाळा होतो तो भोकातल्या घरांचा. तयार भोक शोधायचं, आत खोल्या करायच्या आणि तोंड चिखलानं लिंपायचं, हे काम काही गांधीलमाश्याही करतात आणि एकलकोंड्या मधमाश्याही. त्यामुळं निव्वळ बूच बघून निकाल देऊ नका. बुचाचा रंगही उपयोगाचा नाही. खानापूर-बेळगाव भागात ते तांबडं दिसतं, चिकोडी-अथणीकडं काळपट राखाडी. माशी जवळची माती उचलते, त्यावरून गावची जमीन कळते, माशी नाही. काही जण आवाजावरून सांगतात, "गुणगुणती, म्हणजे मधमाशी." तेही खरं नव्हे. चिखल लिंपताना कुंभारीणसुद्धा चांगली गुणगुणते.

मग ओळखायचं कशावरून? ती घरी काय घेऊन येते त्यावरून. ऊन तापल्यावर भोकापासून दोन हात लांब पंधरा मिनिटं बसा. पायात धरून कोळी किंवा अळी आणली तर गांधीलमाशी. पोटाखाली पिवळं काहीतरी चोपडून आली तर मधमाशी. पोटाखाली हा शब्द लक्षात ठेवा. सातेरी आणि आग्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या आणतात, दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्यासारख्या. आपल्या या माशीच्या पायांवर तसल्या टोपल्या नसतात. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला दाट केसांचा ब्रश असतो आणि पराग त्यात भरतो. सौंदत्तीच्या डोंगरावरून भंडाऱ्यात माखून आलेल्या माणसासारखी ती दिसते, फक्त भंडारा कपाळाऐवजी पोटाला. ही खूण एकदा डोळ्यात बसली की तिचं कूळ ओळखायला चूक होत नाही. या कुळाला मेगाकायलिडी म्हणतात. अर्थात पराग न आणता चिखलाची फेरी करत असेल तेव्हा पोट रिकामं दिसेल, म्हणून एक नाही, चार-पाच फेऱ्या बघा.

आता चिकोडीची माशी. फोटोत छातीवर आणि पोटाच्या पुढच्या भागावर दाट, विटकरी-तांबूस लव आहे. पोटाचा मागचा भाग काळा, त्यावर पांढुरक्या बारीक पट्ट्या. डोकं मोठं, जबडा रुंद. अंगानं सातेरीपेक्षा जाड आणि थोडी मोठी. ही सगळी लक्षणं मेगाकाईल लानाटा या जातीची आहेत. लानाटा म्हणजे लोकरी, आणि मेगाकाईल म्हणजे मोठ्या ओठाची. हे लोकरी नाव डेन्मार्कच्या फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञानं १७७५ सालीच दिलं. मूळची ती आपल्याच देशातली. पुढं माणसाच्या सामानाबरोबर वेस्ट इंडीज आणि हवाई बेटांपर्यंत पोचली. भोकात घर करणाऱ्याला असा प्रवास फुकटात होतो. मराठीत हिला रूढ नाव मला तरी सापडलं नाही. मी गवंडी माशी म्हणतो.

खानापूरचा फोटो धूसर आहे, पण माशी काळी कुळकुळीत, पंख गडद आणि पोट सुरू होतं तिथं पांढऱ्या केसांचा ठळक पट्टा, एवढं दिसतं. ती लानाटाची बहीण, मेगाकाईल डिसजंक्टा असावी. ही चिखलाबरोबर झाडाचा चीकही वापरते. "असावी" म्हणतोय, कारण या वंशात भारतात पुष्कळ जाती आहेत आणि सारख्या दिसणाऱ्या काही जाती सूक्ष्मदर्शकाखाली जबड्याचे दात मोजल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर, मग तो माणूस असो की अ‍ॅप, थोडा संशय ठेवा.

अ‍ॅपनं चूक का केली तेही सांगतो. गवंडी माशी म्हटलं की जगभर आधी ओस्मिया वंशाचं नाव येतं. त्यातली बायकॉर्निस ही युरोपातली. मादीच्या चेहऱ्यावर दोन छोटी शिंगं असतात, त्यावरूनच ते नाव पडलं. वसंतात उडते, वर्षाला एकच पिढी. जपानमध्ये ओस्मियाची दुसरी एक जात सफरचंदाच्या बागांत मुद्दाम पाळतात. भारतात या वंशाच्या माश्या हिमालयाच्या बाजूला आहेत. चिकोडीत ऑक्टोबरच्या उन्हात तुरीवर दिसलेल्या माशीला ते नाव देणं म्हणजे पंढरीच्या वारीत भेटलेल्या माणसाला विलायती गावचा ठरवणं. भिंग असेल तर आणखी एक पक्की खूण आहे: पायाच्या दोन नखांच्या मध्ये ओस्मियाला छोटी गादी असते, मेगाकाईलला नसते.

मध मिळेल का? नाही. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, मेण नाही. प्रत्येक मादी आपला संसार एकटी करते. नळीत आतून बाहेर एकामागं एक खोल्या बांधते, प्रत्येकीत पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग चिखलाची भिंत. आतल्या बाजूला माद्यांची अंडी, तोंडाशी नरांची. नर आधी बाहेर पडतात, म्हणून मादीनं हा क्रम ठेवलेला. उबदार दिवसांत महिना-सव्वा महिन्यात नवी माशी बूच कुरतडून निघते. राखायला पोळं नसल्यामुळं ती अंगावर धावून येत नाही. मुठीत दाबली तर मादी डसेल, नराला नांगीच नसते. लहान मुलं असलेल्या घरात वळचणीला राहिली तरी भ्यायचं कारण नाही.

पेटीत पाळता येत नाही, पण जागा देता येते. बोटभर जाड वेळू किंवा चिव्याचे वीतभर तुकडे करा. एका बाजूला पेर राहू द्या म्हणजे मागचं तोंड बंद राहील. आतलं भोक ६ ते १० मिलिमीटरचं असावं. वीस-पंचवीस तुकड्यांची जुडी सुतळीनं बांधून गोठ्याच्या किंवा शेडच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशी, छातीच्या उंचीवर, तोंड पूर्वेकडं करून घट्ट बसवा. वाऱ्यानं हलणारी जुडी तिला आवडत नाही. मुंग्या चढत असतील तर बांधायच्या तारेला ग्रीस लावा. जवळच विहिरीच्या पाटाशी टोपलीभर चिकण माती ओली ठेवा. एकाच ठिकाणी शंभर-दोनशे नळ्या मात्र लावू नका, बांधावर चार ठिकाणी विखरून लावा. दाटीत परजीवी माजतात. त्यातली एक तर तिचीच भाऊबंद आहे. पोट मागं सुईसारखं निमुळतं, पोटाखाली ब्रश नाही. ती स्वतः काही बांधत नाही, गवंडीच्या खोलीत हळूच आपलं अंडं घालून जाते, कोकिळेसारखी. तुमच्या जुडीभोवती असली टोकदार माशी घुटमळताना दिसली तर तिला नवी गवंडी समजू नका.

अथणीच्या शेतकऱ्यांनी काळजी करू नये. फूल खराब होत नाही. तुरीच्या फुलात केसर होडीसारख्या पाकळीत दडलेले असतात. गवंडी माशी वजनानं ती पाकळी खाली दाबते, केसर बाहेर येऊन तिच्या पोटाला घासतात. हे दाबण्याचं काम बारक्या माशीला नीट जमत नाही, म्हणून तुरीवर मेगाकाईल आणि आग्या यांचं मोल जास्त. पण वाढवून सांगत नाही: तूर मुख्यतः स्वतःच्याच परागानं फळते, माशी नाही आली तरी शेंग धरते. मात्र थोडा परपराग होतोच, आणि १९९१ साली इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा आयसीपीएच ८ हा तुरीचा पहिला संकरित वाण आला, त्याचं बियाणं तयार करायचं कामही किड्यांच्याच भरवशावर होतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. घरचं बी धरत असाल तर शेजारच्या वेगळ्या वाणाचा पराग हीच माशी तुमच्या रानात आणते. प्रमाणित बियाण्याच्या तुरीला किमान १०० मीटर अंतर राखायला सांगतात, ते याच्यामुळंच.

फवारणीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण खरं नुकसान इथं होतं. घाटेअळी आणि गवंडी माशी दोघी एकाच वेळी फुलावर येतात. अळी नसताना "लावून टाकू" म्हणून मारू नका. ओळीत कापड अंथरून झाड हलवा, पडलेल्या अळ्या मोजा आणि कोंबड्यांना घाला. उत्तर कर्नाटकात तुरीला ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. अळी लहान असताना घाटेअळीचा विषाणू, एचएनपीव्ही, हेक्टरी २५० एलई (म्हणजे २५० रोगट अळ्यांतून निघेल एवढा), संध्याकाळी फवारावा. उन्हात तो निकामी होतो आणि माशीला त्याचा अपाय नाही. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर ऊन उतरल्यावर, माशा घरी गेल्यावर फवारा, म्हणजे सकाळपर्यंत फुलांवरचं औषध वाळेल. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांच्या वाटेला जाऊ नका. जुड्या शेताच्या अगदी कडेला असतील तर फवारणीआधी त्यांच्यावर गोणपाट टाका, आणि सकाळी आठवणीनं काढा.

आता कुलूप. मोटार रोज चालू करायची असेल तर महिनाभर थांबा असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? पाण्याचे चार थेंब सोडा, माती भिजली की केसाच्या पिनेनं काढा. रॉकेल नको, त्यानं माती भिजत नाही आणि वास मात्र आठवडाभर राहतो. दुसरं कुलूप असेल तर तेच लावा आणि भरलेलं कुलूप वळचणीला टांगून ठेवा. पुढच्या वेळेसाठी किल्लीच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा बसवा. ठिबकच्या नळ्यांना टोप्या, फवारणीच्या पंपाच्या नोझलला कापड, स्टार्टरच्या पेटीच्या भोकांना टेप. शेजारी वेळूची जुडी टांगली की तिलाही पर्याय मिळतो.

ताईंच्या गुलाबावर अळी नाही. ती याच वंशातली पानकापी माशी. गोल आणि लांबट तुकडे कापून नेते आणि चिखलाऐवजी त्यांनी खोल्या मढवते. झाडाला धोका नाही, औषध नको.

नाव नक्की करून हवं असेल तर माशी पकडून पारदर्शक बाटलीत घाला, फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा, सुस्त झाली की काडेपेटीच्या काडीशेजारी ठेवून वरून, बाजूनं, चेहऱ्याचा आणि मुख्य म्हणजे पोटाचा फोटो घ्या आणि सोडून द्या. मेलेली सापडली तर कापसावर ठेवून काडेपेटीतून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आणून द्या. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवता येते. पेटीवर गाव, तारीख आणि ती कुठल्या फुलावर किंवा कुठल्या भोकात मिळाली एवढं लिहा. खानापूरच्या मित्रांनी कुलपातल्या मातीचा खडाही पेटीत टाकावा. त्यात चीक मिसळलाय का ते बघायचंय.