वाचकांचे प्रश्न : नवतपा, कुलर आणि गावची डीपी

प्रश्न : आमच्या गावठाणाची डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, ६३ केव्हीए क्षमतेची आहे. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की रात्री दहानंतर फ्यूज उडतात. डीपी एकदा जळलीही. ऊन दुपारी, मग त्रास रात्री का?
– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : रात्री गावातले सगळे कुलर एकदम फिरतात म्हणून. हिशोब मांडून पाहा. दीडशे घरं, घरटी २०० वॅटचा एक कुलर आणि ७५ वॅटचे दोन पंखे धरले, तरी साडेबावन्न किलोवॅट होतात. पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) ०.८५ धरला तर जवळपास ६२ केव्हीए. डीपी काठोकाठ भरली, फ्रीज-टीव्ही अजून मोजलेच नाहीत. कोणी दीड टनाचा एसी लावला तर सात कुलरांची भर.

त्यात आता उन्हाळ्याच्या रात्रीही निवत नाहीत. दिवसभर तापलेलं डीपीतलं तेल पहाटेपर्यंत गरमच राहतं, आणि आतल्या तारांच्या गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य दर सहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं.

डीपी वाढवून मागण्याआधी लाइनमनकडून रात्री दहाच्या सुमारास तिन्ही फेजचा करंट टंग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) मोजून घ्या. ६३ केव्हीएला फेजमागे सुमारे ८४ अँपिअर झेपतात. बहुतेक गावांत नवी कनेक्शनं हाताशी येईल त्या फेजवर जोडलेली असतात. मग एक फेज शंभरावर, दुसरी पन्नासावर. नुसती घरं वाटून दिली तरी बराच फरक पडतो. किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायचा चिनी मातीचा खाचा) जाड तार गुंडाळण्याचा जुगाड मात्र बंद करा. फ्यूज वाचतो, गुंडाळी जळते. काळी माती भेगाळली की अर्थिंगही सुटतं, म्हणून मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी टाकायला सांगा. न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल झाला तर घरात व्होल्टेज चढून टीव्ही जातात. डीपीला स्वतः हात लावू नका. तक्रार १९१२ वर.

प्रश्न : सोलर आलं की हे मिटेल ना?

उत्तर : दिवसापुरतं. शेतीपंप दिवसा सौर विजेवर चालले की दुपारचा भार हलका होतो. पण पॅनल २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन गमावतं. मेच्या दुपारी ते ६५ अंशांपर्यंत तापलं तर १६ टक्के गेले. रात्रीच्या कुलरांना बॅटरी हवी, नाहीतर कोळसा. कोळशावरच्या वीजनिर्मिती संचांना पाणी लागतं, तेही नेमकं उन्हाळ्यात. चंद्रपूरचं वीज केंद्र इरई धरणावर चालतं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि संच बंद ठेवावे लागले.