आधी पैशांचा प्रश्न, मग कॉलेजांची यादी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी कराडला अकरावी सायन्सला, दहावी सेमी-इंग्रजीतून ९६ टक्के, जोडीला जेईईचा इंटिग्रेटेड क्लास. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरची चार एकर शेती आणि हंगामात गुऱ्हाळ. तिला पदवीसाठीच अमेरिकेला जायचंय आणि वहीत एमआयटी, हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशी नावं लिहून ठेवली आहेत. पुण्यातल्या एका सल्लागारानं साडेचार लाखांचं ‘पॅकेज’ सांगून नोंदणीचे दहा हजार घेतलेही आहेत. ‘तिला खरंच आशा आहे, की आम्ही उगाच नादी लागतोय?’ असं तुम्ही विचारता.

आशा आहे, पण फार थोडी. एमआयटी परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोनच्या आसपास मुलं घेते, आणि अर्ज करणाऱ्यांत जगभरातली ऑलिंपियाड गाजवलेली मुलं असतात. हे कळूनही तिला अर्ज करायचा असेल तर जरूर करू द्या. फक्त यादी नावांच्या दबदब्यावरून करू नका. पैसे मागितल्यावर कोणतं कॉलेज कसं वागतं, हे आधी बघा.

या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च राहणं-जेवण धरून ८५ हजार डॉलरच्या पुढे जातो. रुपयांत पाऊण कोटी तरी, आणि तोही चार वर्षं. शेत विकूनही हा हिशेब जुळायचा नाही, तेव्हा तो विचार मनात आला असेल तर आजच काढून टाका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन आणि अलीकडे ब्राउन ही कॉलेजं परदेशी मुलांचेही अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत. निवड झाली, की कुटुंबाला जेवढं झेपतं असं ते ठरवतात तेवढंच घेतात आणि बाकीचं स्वतः भरतात. ऐपत न बघता निवडण्याला नीड-ब्लाइंड म्हणतात. तुमच्यासारख्या घराला भरावी लागणारी रक्कम मग पुण्यातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीपेक्षाही कमी निघू शकते.

स्टॅनफर्डची गोष्ट वेगळी. तिथेही निवड झालेल्या मुलाची पूर्ण गरज भागवतात, पण परदेशी मुलानं मदत मागितली आहे ही बाब निवडीच्या वेळी विचारात घेतात. आणि अर्जात मदत मागितली नसेल तर पुढे मागता येत नाही. ‘आधी फी भरू म्हणून लिहा, एकदा आत गेलं की बघू’ असा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. कॉर्नेलही याच गटातलं, पण तिथे भारतात शिकलेल्या भारतीय मुलांसाठी टाटांच्या देणगीतून पदवीची शिष्यवृत्ती आहे, म्हणून ते यादीत ठेवायला हरकत नाही. बर्कली किंवा यूसीएलए मात्र काढून टाका. कॅलिफोर्नियाची ही सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर मदत देत नाहीत.

‘९६ टक्के आहेत, स्कॉलरशिप मिळेल ना?’ हा तुमचा प्रश्न. हार्वर्ड-येलच्या गटातल्या कॉलेजांत आणि एमआयटीत गुणांवर शिष्यवृत्ती नसतेच. तिथे येणारा प्रत्येकजण तुमच्या मुलीसारखाच, त्यामुळे पैसे फक्त गरज बघून देतात. ती गरज दाखवण्यासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात पगार, बँकेतली शिल्लक, घर, शेती, धंदा सगळं विचारतात. तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेतीचं उत्पन्न किरकोळ दिसत असेल आणि गुऱ्हाळाचा व्यवहार रोखीचा असेल, तर आत्तापासून वर्षभराचा साधा ताळेबंद लिहून ठेवा. जे आहे ते सांगा. कमी दाखवण्यात फायदा नाही, तुमचं खरं उत्पन्नही त्यांच्या हिशेबात पुरेसं कमी आहे.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत काळजी वाटते ती. ही कॉलेजं नववी ते बारावीचे गुण मागतात, शिवाय दोन शिक्षकांची पत्रं आणि शाळेच्या समुपदेशकाचं एक पत्र. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नसतो. ते काम प्राचार्यांनी किंवा एखाद्या वरिष्ठ सरांनी केलं तरी चालतं. अडचण शिक्षकांच्या पत्रांची आहे. इंटिग्रेटेडमध्ये मुलगी दिवसभर क्लासला, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरती. कॉलेजच्या बाईंना तिचा रोल नंबर माहीत, चेहरा नाही. अशा बाईंनी ‘विद्यार्थिनी हुशार व शिस्तप्रिय आहे’ एवढंच लिहिलं तर त्या पत्राचा शून्य उपयोग. वर्गात तिनं कोणता प्रश्न विचारला, कुठे अडली, पुन्हा कशी आली, हे ज्याला सांगता येईल असा शिक्षक हवा, आणि तो शक्यतो अकरावी-बारावीचा. एमआयटी तर एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाकडून मागते. म्हणून इंग्रजी किंवा मराठीच्या तासांना तरी तिला बसू द्या, क्लासवाले कितीही कुरकुरले तरी. मराठीच्या सरांना इंग्रजीत लिहिणं जड जात असेल तर त्यांनी मराठीत लिहावं आणि सोबत भाषांतर जोडावं.

सल्लागार म्हणतो, एखादी एनजीओ काढू, एक ‘रिसर्च पेपर’ छापून आणू. ताई, असले पेपर अर्ज वाचणाऱ्यांच्या नजरेखालून रोज जातात. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: ‘छंद असे काही नाहीत, घरी गुऱ्हाळाचा हिशेब तीच ठेवते.’ अहो, हेच लिहायचं! कॉमन ॲपच्या, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात दहा उपक्रम लिहायची जागा असते, आणि घरची जबाबदारी, काम हे तिथे रीतसर प्रकार म्हणून दिलेले आहेत. किती ऊस आला, उतारा किती पडला, मजुरांची उचल कशी फिटली, हे सोळाव्या वर्षी सांभाळणारी मुलगी दिल्ली-मुंबईच्या शंभर अर्जांत उठून दिसते. ६५० शब्दांचा निबंध तिचा तिनेच लिहावा. विकत घेतलेलं इंग्रजी आणि सोळा वर्षांच्या मुलीचं इंग्रजी यांतला फरक वाचणाऱ्याला कळतो.

परीक्षेचं थोडक्यात. सॅट ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा आता हार्वर्ड, एमआयटी, ब्राउन अशा ठिकाणी पुन्हा लागते. ती १६०० गुणांची असते आणि १५०० च्या पुढे गेलेलं बरं. जेईई करणाऱ्या मुलीला त्यातलं गणित सोपं जाईल, घाम फुटेल तो इंग्रजी उताऱ्यांना. पहिला प्रयत्न येत्या मे-जूनमध्ये द्यावा, म्हणजे गरज पडली तर ऑगस्ट-ऑक्टोबर हाती राहतो. टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षांपैकी कोण काय मागतं ते त्या त्या कॉलेजच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

खरी ओढाताण बारावीच्या जानेवारीत होईल. बहुतेक अर्जांची मुदत त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शेवटी जेईई मेन, पुढे बोर्डाचं प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारीत लेखी. अर्जाची सगळी कामं दिवाळीतच उरकली नाहीत तर बोर्डाचे गुण जातील, आणि ते गुण दोन्हीकडे लागतात. जेईई-सीईटी सोडायची नाही, यावर मी ठाम आहे. इथून पदवी घेऊन एमएस किंवा पीएचडीला जाण्याची वाट मोठी आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेही एल्फिन्स्टनमधून बी.ए. होऊन, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. जे. एन. टाटा एंडॉमेंटचं कर्ज किंवा राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आजही पदवीनंतरच्याच शिक्षणासाठी मिळते.

व्हिसाची काळजी निवड झाल्यावर करू. २०२५ मध्ये मुलाखतींच्या नव्या तारखा देणं काही आठवडे थांबलं होतं, आणि हार्वर्डचा परदेशी मुलं घेण्याचा अधिकारच काढून घ्यायचा प्रयत्न झाला, तो कोर्टानं रोखला. एकाच नावावर भिस्त ठेवू नका, एवढाच त्याचा अर्थ.

साडेचार लाख देऊ नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशनयूएसए या उपक्रमाचं केंद्र मुंबईत यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) या संस्थेच्या कार्यालयात आहे, तिथे मूलभूत माहिती फुकट मिळते. अर्जाची फी बहुतेक कॉलेजांत ७५ ते ९० डॉलरच्या आसपास असते, ती माफ करून मागण्यासाठी प्राचार्यांचं पत्र घ्या. आणि त्या दहा हजारांची पावती असेल तर तिच्या मागचा बारीक मजकूर वाचून बघा, किंवा मला फोटो पाठवा. परत मिळण्यासारखे असतील तर अर्ज कसा लिहायचा ते सांगतो.