वाचक विचारतात : ऑस्ट्रेलियाच्या लाल माळरानावर मैत्रिणीकडे जाताना

प्रश्न : माझी बी.एड.ची वर्गमैत्रीण ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, एका आदिवासी वस्तीच्या शाळेत शिकवते. मीही शिक्षिका आहे, त्यामुळे मे महिना किंवा दिवाळी एवढाच वेळ मोकळा. कधी जावे? तिच्या घरी राहता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मे महिन्यातच जा. ॲलिस स्प्रिंग्जला तेव्हा दुपारी साधारण २३ अंश आणि पहाटे आठ-नऊ अंश तापमान असते. दिवाळीच्या सुमारास उन्हाळा चढू लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत ४० अंश ओलांडणारे दिवस नित्याचे असतात. मेमध्ये स्वेटर आणि कानटोपी मात्र न्या. वाळवंटात सूर्य मावळला की गारठा झपाट्याने पडतो.

अडचण एकच. मे महिन्यात तिकडची शाळा चालू असते. नॉर्दर्न टेरिटरीची मोठी मधली सुट्टी जूनच्या अखेरीस लागून जुलैच्या मध्यापर्यंत चालते, आणि तोवर आपल्या शाळा उघडलेल्या असतात. त्यामुळे मैत्रिणीसोबत फिरणे शनिवार-रविवारीच जमेल. त्यातल्या त्यात मे महिन्याचा पहिला सोमवार आणि जूनचा दुसरा सोमवार या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. यांपैकी एक जोडसुट्टी हाताशी धरून तिकीट काढा. तिकडचे घड्याळ आपल्यापुढे बरोबर चार तास असते, एवढे फोन करताना ध्यानात ठेवा.

राहण्याचे म्हणाल, तर अशा वस्त्यांमध्ये शिक्षकांची घरे सरकारी असतात आणि कधी कधी दोघी-तिघींमध्ये एकच घर असते. म्हणून मैत्रिणीने मुख्याध्यापकांना आणि घरातल्या सोबतिणींना आधी विचारायला हवे. वस्ती ज्या जमिनीवर आहे, ती १९७६च्या आदिवासी भूमिहक्क कायद्याने तिथल्या मूळ मालकांची आहे. तिथे मुक्काम करायचा तर परवान्यासाठी अर्ज करावा. मध्य भागासाठी हे काम ॲलिस स्प्रिंग्जची सेंट्रल लँड कौन्सिल पाहते. अर्जात सोबत येणाऱ्या सगळ्यांची नावे, तारखा, गाडीचा क्रमांक, जायचा-यायचा रस्ता, कारण आणि यजमानाचे नाव लिहावे लागते. निदान तीन आठवडे हाताशी ठेवा. परवाना ठरलेल्या रस्त्यासाठी आणि ठरलेल्या ठिकाणासाठीच असतो. वाटेत पाणवठा दिसला म्हणून गाडी आत वळवता येत नाही.

आणि एक गोष्ट मनात आधीच पक्की करून ठेवा. वस्तीत कोणाचा मृत्यू झाला, की शोकविधींसाठी बाहेरच्यांचे येणे थांबवले जाऊ शकते, रस्ताही बंद होऊ शकतो. अशा वेळी मैत्रिणीला गळ घालू नका. तिला पुढची दोन-चार वर्षे त्या लोकांत राहायचे असते. ॲलिस स्प्रिंग्जमधल्या मुक्कामाचे बुकिंग रद्द न होणारे घेऊ नये, ते याचसाठी.

प्रश्न : आपला वाहन परवाना तिकडे चालतो का? साधी कार भाड्याने घेतली तर पुरेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला परवाना इंग्रजीत असल्याने पर्यटकाला चालतो. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, कारण भाड्याने गाडी देणारे पुष्कळदा तोच मागतात. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. डांबरी महामार्गावर साधी कार उत्तम. ॲलिस स्प्रिंग्जहून उलुरू या प्रचंड लाल खडकाकडे जायचे तर स्टुअर्ट महामार्गाने दक्षिणेला २०० किलोमीटरवर एरलडुंडा हा थांबा, तिथून पश्चिमेला वळून सुमारे २४५ किलोमीटरवर युलारा हे उलुरूजवळचे मुक्कामाचे गाव. सगळा रस्ता पक्का आहे.

वस्तीकडे जाणारा रस्ता कच्चा असेल तर मात्र गोष्ट बदलते. साध्या कारच्या करारात ‘कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही’ असे कलम बहुतेक वेळा असते. फोर बाय फोर घेतली तरी कोणते रस्ते चालतील ते नावानिशी लिहून घ्या. करारातली आणखी दोन कलमे नीट वाचा. पहिले, दिवसाला किती किलोमीटर मोफत. शंभरच असतील, तर सहाशे किलोमीटरच्या फेरीचे बिल भाड्यापेक्षा जड होते. दुसरे, शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा नाही. हे कलम रास्त आहे. कांगारू तिन्हीसांजेला आणि पहाटे चरायला निघतात, गुरांच्या कुरणांना बऱ्याच ठिकाणी कुंपण नसते आणि काळी गाय काळ्या डांबरावर दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही. मे महिन्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारच्या ठोक्याला मुक्कामी पोहोचायचे, असा हिशेब करून सकाळी निघा.

कच्च्या रस्त्यावर खरा त्रास खड्ड्यांचा नसतो, तर आडव्या लाटांचा असतो. वेगाने जाणारी चाके बारीकशा उंचवट्यावर उसळतात, पुढे आदळून माती खणतात, आणि हळूहळू सगळा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा होतो. अशा रस्त्याला लागण्यापूर्वी थांबून चारही टायरची हवा कमी करा. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर ३६ पीएसआय लिहिले असेल तर २६ ते २८ वर आणा. टायर मऊ झाला की अणकुचीदार दगडावर तो फाटण्याऐवजी दबतो आणि हादरेही कमी बसतात. हवा कमी असताना वेग ८०च्या आत ठेवा. पक्का रस्ता लागताच, पुढच्या गावाची वाट न पाहता, हवा पुन्हा भरा. कमी हवेचा टायर डांबरावर जोरात पळवला की त्याची बाजू सतत दुमडून तापते आणि टायर फुटतो. यासाठी प्रेशर गेज आणि बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हवाच. स्टेपनी दोन असाव्यात. गाडी ताब्यात घेताना तिथेच जॅक लावून एक चाक खोलून पाहा. नट मशीनने आवळलेले असतात, आणि दिलेला पाना आखूड असला तर ते माळावर हाताने सुटत नाहीत. वाळूत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली ठेवायला एक फळीही घ्या.

समोरून ट्रक आला तर वेग कमी करून डावीकडे सरका, गरज पडली तर थांबा. त्याच्या चाकांखालचे खडे काचेवर येतात आणि मागची धूळ काही सेकंद समोरचे काहीच दिसू देत नाही. तीन-तीन ट्रेलर ओढणारी रोडट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. तिला ओलांडायला दीड किलोमीटर तरी सरळ, मोकळा रस्ता दिसायला हवा. धुळीत ओव्हरटेक करायचेच नाही. यूएचएफ रेडिओ (चालकांना आपसांत बोलायचा बिनतारी संच) असेल तर तो ४० क्रमांकावर ठेवा, पुढचा चालकच ‘ये’ म्हणून सांगतो.

निघायच्या दिवशी सकाळी सरकारी रोड रिपोर्ट बघा. पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो. ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून घट्ट होते आणि पुढचे कित्येक आठवडे वस्तीतल्या रुग्णवाहिकेला आणि धान्याच्या ट्रकला तीतूनच जावे लागते. दंड होवो न होवो, बंद रस्त्यावर जाऊ नये.

प्रश्न : पाणी आणि इंधन किती घ्यावे? गाडी बंद पडली तर काय करावे? (दोन वाचक, नाशिक)

उत्तर : माणशी दिवसाला थंडीत निदान ५ लिटर आणि उन्हाळ्यात १० लिटर पाणी धरा. प्रवास चार तासांचा असला तरी तीन दिवसांचे पाणी घ्यायचे, म्हणजे मेमध्ये दोघांना ३० लिटर. ते एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. हादऱ्यांनी कॅन तडकला तर सगळेच पाणी जाते. दहा-दहा लिटरचे तीन कॅन घ्या आणि पट्ट्याने घट्ट बांधा.

मोठी डिझेल गाडी शंभर किलोमीटरला १३ लिटर खाते असे धरले, तर सहाशे किलोमीटरच्या फेरीला ७८ लिटर लागतात. वस्तीत दुकानासमोर पंप असतो, पण दुकान शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बंद असू शकते, म्हणून टाकी ॲलिस स्प्रिंग्जलाच काठोकाठ भरा. आतल्या भागात साध्या पेट्रोलऐवजी ‘ओपल’ नावाचे पेट्रोल मिळते. वासाने नशा होऊ नये म्हणून त्यातली सुगंधी हायड्रोकार्बन द्रव्ये कमी केलेली असतात. साध्या पेट्रोलवरच्या गाडीत ते बिनधास्त भरा.

गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबा. यावर दुसरे मत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात जीव गेलेल्यांपैकी अनेक जण पाणी आणि सावली असलेली गाडी सोडून चालत निघालेले होते. विमानातून गाडी दिसते, झुडपांतून चालणारा माणूस दिसत नाही. बॉनेट उघडे ठेवा, गाडीच्या सावलीला बसा, तहान लागेल तसे पाणी प्या. पुढच्या दिवसासाठी राखून कोरड्या घशाने बसण्यात अर्थ नाही.

हे सगळे निभावते ते मैत्रिणीमुळे. निघण्यापूर्वी तिला रस्ता, निघायची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत पोहोचले नाही तर पोलिसांना कळव’ ही वेळ लिहून पाठवा. मोबाइलची रेंज गावाबाहेर थोड्याच अंतरावर संपते. टेल्स्ट्राचे कार्ड घेतले तर त्यातल्या त्यात बरे. सॅटेलाइट फोन किंवा आपत्कालीन बीकन ॲलिस स्प्रिंग्जमध्ये भाड्याने मिळू शकतो, त्याची चौकशी आधीच करा. रेंज असेल तिथे आपत्कालीन क्रमांक ०००.

प्रश्न : मैत्रिणीला घरचे काय नेता येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पेढे, बर्फी, खव्याचे काहीही नको. ताजा कढीपत्ता, फळे, भाज्या, पेरता येतील अशा बिया, मांस हेही नको. कारखान्यात बंद केलेली मसाल्याची दळलेली पाकिटे सहसा सुटतात. मुख्य नियम असा : विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करायचा. जाहीर केलेली वस्तू नाकारली तर ती टाकून देतात, एवढेच. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. डाळ-तांदूळ इथून न्यायची गरज नाही. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये भारतीय पुष्कळ आहेत आणि किराणाही मिळतो. शाकाहारी असाल तर तिथेच आठवड्याचा शिधा भरा, कारण रोडहाउसच्या (महामार्गावरच्या पंप-थांब्याच्या) खानावळीत बटाट्यापलीकडे फारसे काही मिळणार नाही.

दारू मात्र गाडीत ठेवूच नका, एक बाटलीही. बहुतेक वस्त्यांमध्ये दारूबंदी आहे आणि नियम मोडला तर गाडी जप्त होऊ शकते. त्याचा बट्टा मैत्रिणीच्या नोकरीला लागतो.

प्रश्न : तिच्या वर्गात एक दिवस शिकवता येईल? मुलांचे फोटो? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करायलाही नॉर्दर्न टेरिटरीत ‘ओकर कार्ड’ नावाचा पडताळणी दाखला लागतो. मुख्याध्यापकांनी बोलावले तर पाहुणे म्हणून मैत्रिणीच्या सोबतीने वर्गात बसावे. मुलांसाठी इंग्रजी ही दुसरी, कधी तिसरी भाषा असते. वर्गात मैत्रिणीबरोबर स्थानिक सहायक शिक्षिका असते आणि खरा पूल तीच बांधते. तिच्याशी बोला, पुष्कळ शिकायला मिळेल. फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढू नका आणि समाजमाध्यमांवर तर टाकूच नका. मृत व्यक्तीचे नाव किंवा छायाचित्र समोर आणणे तिथे अनेकांना दुखावते.

शिक्षकांनी ॲलिस स्प्रिंग्जची ‘स्कूल ऑफ द एअर’ ही दूरवरच्या मुलांना शिकवणारी शाळा चुकवू नये. ८ जून १९५१ रोजी विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या रेडिओवरून ती सुरू झाली. कल्पना ॲडलेड मीथके या शिक्षणतज्ज्ञ बाईंची. आज हीच शाळा उपग्रहामार्फत, सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवरच्या मुलांना शिकवते. पाहुण्यांसाठी तिथे वेगळे दालन आहे. शाळेच्या दिवशी सकाळी गेलात तर चालू तास पाहता येऊ शकतो.

प्रश्न : उलुरूला किती दिवस द्यावेत? वर चढता येते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंद आहे. तिथले मूळ मालक असलेल्या अनंगू लोकांनी ही बंदी कित्येक वर्षे मागितली होती. पायथ्याची सुमारे दहा किलोमीटरची फेरी साडेतीन तासांत होते आणि खडकाचे खरे रूप तीतच दिसते. काही भागांत फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत, त्या पाळा. दोन रात्री पुरतात. मुक्काम युलारालाच, उद्यानात तंबू लावता येत नाही. दुसरा दिवस पन्नास किलोमीटरवरच्या काटा जुटा या घुमटाकार खडकांच्या समूहाला द्या. तिथली ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही पायवाट ३६ अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी सकाळी अकराला पहिल्या टप्प्यापुढे बंद करतात, म्हणून उजाडताच चालायला लागा. एरलडुंडाहून युलाराकडे जाताना डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसेल. तो उलुरू नव्हे, माउंट कॉनर. अजून बरेच अंतर बाकी असते, त्यामुळे वाटेतल्या कर्टिन स्प्रिंग्ज या रोडहाउसला टाकी बघून घ्या.