सुरुवातीचे गुंतवणूकदार संस्थापकात नेमकं काय बघतात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप बनवताय, विक्री अजून शून्य आहे आणि आयआयटीची पदवी नसल्यामुळे कोणी दारात उभं करणार नाही अशी भीती वाटते. पदवीची काळजी सोडा. मी पुण्यात काही वर्षांपासून नवउद्योगांत छोट्या रकमा घालतोय. ओळख व्हायला पदवीची मदत होते, हे खरं. पण चेक लिहिताना मी मुख्यतः हेच बघतो, की पैसे हातात नसताना या माणसाने काय केलं?

प्रवाशांना लोकांच्या घरात भाड्याने राहायची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीचं उदाहरण मला फार आवडतं. 2008 मध्ये त्यांना गुंतवणूकदारांकडून नकारच मिळत होते. तेव्हा संस्थापकांनी अमेरिकेच्या निवडणुकीचं निमित्त साधून ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलचे खोके काढले, हाताने चिकटवले, 40 डॉलरला एक असे विकले आणि सुमारे 30 हजार डॉलर उभे केले. नवउद्योगांना निवडून सुरुवातीचे पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेचे सह-संस्थापक पॉल ग्रॅहम यांना अनोळखी माणसाच्या घरी राहण्याची कल्पना मुळीच पटली नव्हती. मुलाखत संपता संपता त्यांच्या हातात तो खोका पडला आणि ही माणसं सहजासहजी हरणारी नाहीत, हे त्यांना पटलं. प्रवेश मिळाला. सुरुवातीला हिशेब तपासायला विक्रीच नसते, त्यामुळे माणूसच तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट सह-संस्थापकांची. इथे मी स्वतः पैसे गमावलेत. दोन मित्रांनी निम्मा-निम्मा हिस्सा घेतला होता, व्हेस्टिंगचा, म्हणजे काम करत राहिलं तरच हिस्सा हळूहळू मिळण्याचा, करार नव्हता. आठ महिन्यांत एकजण नोकरीला गेला आणि त्याचा निम्मा हिस्सा त्याच्याकडेच राहिला. पुढे कोणीच पैसे घालेना. तेव्हापासून मी आधी हाच कागद मागतो: हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काही नाही.

आणि प्रामाणिकपणा. 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. फुगवलेला आकडा एकदा सापडला की बैठक तिथेच संपते.

तुमच्या प्रश्नात ॲपबद्दल बरंच आहे, बागायतदारांबद्दल एकच ओळ. ऑक्टोबर छाटणीच्या आधी वीसेक बागांवर जाऊन या. फवारणीचा हिशेब ते आज कुठे लिहितात, ते बघा. त्यांतल्या तिघांनी जरी दोनशे रुपये आगाऊ दिले, तर मला इथेच कळवा. डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण, नंतर बघू.